हाड धरेपर्यंत

९ फेब्रुवारी

आज आत्याच्या जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू बसवण्यात आला. वास्तविक स्क्रू हा माझा रोजचा विषय. उंदरांच्या नडगीत बसवलेल्या टायटॅनियमच्या बारीक स्क्रूंभोवती हाड कसे भरून येते, मेदयुक्त खाद्याने ते कसे बिघडते आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने काही सुधारते का, याचा मी दोन वर्षे अभ्यास करते आहे. परंतु तोच स्क्रू आपल्या माणसाच्या हाडात जाऊ लागला की सारे ज्ञान दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहते, असे आढळले. प्रतीक्षाकक्षात मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. ते पान गालिच्यांच्या जाहिरातीचे होते.

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या ओठाखाली कापसाचा बोळा होता. तरी बोललीच.

"काय गं पंडिता, तुझ्या उंदरांना कधी विचारलंस का, दुखतं का म्हणून?"

दातांच्या डॉक्टरांनी सांगितले, की वरच्या पुढच्या दाताजवळचे हाड जरा पातळ आहे. "चार-पाच महिने थांबायचं. हाडानं स्क्रू धरला तर दात पक्का. नाही धरला तर काढावा लागेल, आणि मग पुन्हा लगेच काही करता येणार नाही." तोपर्यंत टाळूला चिकटणारी, खोटा दात जडवलेली पट्टी वापरायची. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीत आत्याचे कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले निघाले होते, त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळीही सुरू केली आहे. मी ज्या औषधावर प्रबंध लिहिते आहे, नेमके तेच औषध! मला उगीचच आपल्या ओळखीचे कोणी तिच्या मदतीला आल्यासारखे वाटले.

१४ फेब्रुवारी

पट्टी लावल्यावर आत्याच्या तोंडून 'स' येत नाही, बारीक शीळ येते. इतर कोणाचे यावाचून फारसे अडले नसते. पण आत्या जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती आणि निवृत्त झाल्यापासून अंध श्रोत्यांसाठी एका संस्थेत पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. सध्याची कादंबरी फार मोठी आहे. नायक समुद्रावर गेला आहे आणि शेवटची दोन प्रकरणे राहिली असतानाच बिस्किट चावताना दाताचा तुकडा पडला.

संध्याकाळी संस्थेचे ध्वनिमुद्रक घरी आले. आत्या त्यांना कानसेन म्हणते. उंच आहेत, चष्मा लावतात, आणि समोरच्याचे बोलणे संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहतात. एकटेच असतात, पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली. मी चहा ठेवून स्वयंपाकघरात परतले, कारण नव्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते आणि त्यासाठी मला पट्टीचीही गरज लागत नाही.

"श्रोत्यांचे फोन येतायत," ते म्हणाले. "बोट किनाऱ्याला लागली का, विचारतात."

"मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या की. माझ्या शिळेवर बोट बुडेल."

"दुसऱ्या कुणाकडून?" कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "संस्थाप्रमुखांना मी सांगितलंय, जुलैच्या मध्यापर्यंत थांबू. पलीकडे ते थांबणार नाहीत. नवीन वाचक घेतील."

ते गेल्यावर आत्या खिडकीशी उभी होती. "माझ्या आवाजात सुरू झालंय गं ते," ती म्हणाली. "माझ्याच आवाजात संपलं पाहिजे." एवढ्या गंभीर सुरात तिला मी क्वचितच ऐकले आहे. म्हणजे आता प्रश्न स्पष्ट आहे: जुलैच्या मध्यापर्यंत हाडाने स्क्रू धरला पाहिजे.

१७ फेब्रुवारी

आत्यासाठी आहाराचा तक्ता तयार करून फ्रिजवर लावला. लोणी, तळलेले पदार्थ, मलई, केक बंद. मेदयुक्त खाद्यावर वाढलेल्या उंदरांच्या स्क्रूंभोवती मी सूक्ष्मदर्शकाखाली जे रिकामे खड्डे पाहिले आहेत, ते पाहिल्यावर लोण्याच्या बरणीकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

आत्याने तक्ता वाचला. "म्हणजे आता मी तुझ्या कुठल्या गटात?"

"साधे खाद्य अधिक गोळी," मी सांगितले.

"बरं. पिंजरा तेवढा मोठा बघ."

३ मार्च

कानसेन एक दिवसाआड सूपचा डबा घेऊन येतात. आत्याला पुढच्या दाताने चावायचे नाही, हे त्यांनी फार मनावर घेतलेले दिसते. हेतू उत्तम आहे. सूपविषयी मात्र मला शंका आली. म्हणून आज प्रयोगशाळेतून गाळणकागद आणला, त्यावर सूपचा एक थेंब टाकला व वाळू दिला. पाण्याचा डाग वाळून गेला आणि उजेडाला धरल्यावर मागे एक आरपार दिसणारे गोल वर्तुळ उरले. लोणी! तेही चांगले चमचाभर.

तोंडाने सांगणे मला शक्य नव्हते. रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवली: 'सूपमध्ये स्निग्धांश आढळला. कृपया टाळावा. सोबत आहाराच्या तक्त्याची प्रत जोडली आहे.'

५ मार्च

आजच्या सूपचा डाग पडला नाही. डब्याच्या झाकणाखाली त्यांचे उत्तर होते: 'सूचना मिळाली. लोणी बंद. मिरपूड चालेल का?'

मिरपुडीविषयी माझ्या वाचनात प्रतिकूल काही आलेले नाही, त्यामुळे चालेल असे कळवले. माणूस अत्यंत शिस्तीचा आहे. आमच्या प्रयोगशाळेला असा एक मदतनीस मिळाला तर किती बरे होईल.

आत्याने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि हसता हसता पट्टी हातात काढून घेतली. "अगं, तो माणूस पहिल्यांदाच कुणासाठी सूप करतोय, आणि तू त्याचं रक्त तपासल्यासारखं तपासतेस!"

२२ मार्च

आत्याच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा आहे. भूक चांगली लागते. संध्याकाळी चालायला जाते. कानसेनही त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालतात, त्यामुळे सोबत मिळते. काल तिने नवी चप्पल घेतली, आज भांडी घासताना गुणगुणत होती. आहारातील बदलाने मनःस्थिती सुधारते हे मी वाचले होते. इतक्या लवकर सुधारते याची कल्पना नव्हती. गोळीने पायांत थोडे दुखेल अशी मला भीती होती. तीही व्यर्थ ठरली, कारण चालून परत येण्याची तिची वेळ रोज लांबत चालली आहे.

११ एप्रिल

आज प्रबंधावर संकट आले, आणि ते माझ्याच हुशारीने आणले.

माझे काम असे आहे. उंदरांच्या हाडाचे, स्क्रूसकट, कागदाहूनही पातळ काप काढून ते काचेवर बसवले आहेत. स्क्रूच्या आट्यांना हाड किती ठिकाणी खरोखर चिकटले आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. कोणता काप कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला ठाऊक असता कामा नये, म्हणून प्रत्येकावर केवळ सांकेतिक अंक असतो. माझी मोजणी जवळजवळ पूर्ण झाली होती व मोजून झालेल्या कापांचे अंक उलगडले की आकडे फार सुंदर येत होते. मेदयुक्त खाद्याने हाड कमी धरते. त्याच खाद्याबरोबर गोळी दिली तर पुष्कळ अधिक धरते. मी रोज घरी येऊन आत्याला सांगत असे, "गोळी काम करते आहे!"

आज एक काप भिंगाखाली सरकवला आणि मनात आले, 'हा मेदयुक्त गटातला.' असे का वाटले म्हणून पाहिले. स्क्रूपासून दूर, हाडाच्या मध्यभागी असलेल्या मज्जेत चरबीच्या पेशींच्या जागी पांढरी, रिकामी वर्तुळे दिसत होती. साधे खाद्य खाल्लेल्यांत ती कमी असतात, गोळी मिळालेल्यांत बारीक. म्हणजे अंक उलगडण्याची मला गरजच नव्हती. केव्हापासून मी असे ओळखत होते, कोण जाणे. आणि ओळखल्यावर, आट्याशी चिकटले आहे की नाही असा संशय जिथे येतो, तिथे माझा हात कोणत्या बाजूला झुकत होता?

दिवसभर कोणाला सांगितले नाही.

१३ एप्रिल

मॅडमना सांगितले. मार्गदर्शक म्हणून त्या मोजकेच बोलतात व बोलताना चष्मा पुसतात.

"गट ओळखू येतात तुला? बघू." त्यांनी मिसळलेली छायाचित्रे माझ्यापुढे टाकली. मी एक सोडून सारी बरोबर सांगितली.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आता तू निरुपयोगी झालीस."

मला रडू येईल असे वाटले. मॅडमना बहुधा ते दिसले. "अगं, स्वतः येऊन सांगितलंस, हे काय थोडं आहे? आता असं कर. छायाचित्रांतली मज्जा झाकून टाक. आट्याच्या कडेची बारीक पट्टी तेवढी उघडी ठेव. आणि मोजायला अशी माणसं शोध, ज्यांना हाडातलं काही म्हणजे काही कळत नाही. नजर बारीक पाहिजे, चिकाटी पाहिजे. दोघं हवीत, म्हणजे पडताळा घेता येईल. घरी कोणी रिकामं आहे का?"

२० एप्रिल

जेवणाच्या टेबलावर काम सुरू झाले. प्रत्येक छायाचित्रावर मी काळ्या कागदाची चौकट चिकटवली आहे. हाड आट्याला टेकले असेल तिथे लाल पेन्सिल, मध्ये फट असेल तिथे निळी. सरावाच्या छायाचित्रांवर आत्याने एका दिवसात हात बसवला. दुसरे मोजणारे म्हणून कानसेन आपण होऊन पुढे आले.

"हा बघा बिचारा," आत्या एका छायाचित्राकडे पाहून म्हणाली. "सगळा निळाच. कुणीच धरलेलं नाही ह्याला."

कानसेनांनी चष्मा वर करून पाहिले. "वेळ द्यायला हवा होता त्याला थोडा."

त्यांना विषयात खरोखर रस वाटू लागलेला पाहून मला आनंद झाला. अवधी हा हाड भरण्यातील महत्त्वाचा घटक आहे, हे मी त्यांना दारातूनच, पण स्वतःच्या तोंडाने सांगितले. हे माझे त्यांच्याशी पहिले पूर्ण वाक्य.

२४ एप्रिल

दोघांच्या मोजण्या ताडून पाहिल्या. त्यांच्यातील साम्य संशयास्पद आहे. दोन स्वतंत्र माणसांचे इतके जुळत नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की ती शेजारी बसतात, एकमेकांची चित्रे पाहतात आणि शंका आल्यास चर्चा करून एकमत करतात.

"आमचं पटतं, त्याला आम्ही काय करणार?" आत्या म्हणाली.

सारे पुन्हा करावे लागणार. उद्यापासून एक जण जेवणघरात आणि दुसरा पुढच्या खोलीत.

२७ एप्रिल

वेगळे बसवल्यापासून कामाचा वेग निम्म्याने घटला आहे. मध्ये भिंत असून ती सारखी एकमेकांना हाका मारतात.

"कितव्यावर आहात?"

"तुमच्या मागेच. सावकाश चाललंय."

"थांबू का?"

"थांबा."

विज्ञानात कोणी कोणासाठी थांबायचे नसते, असे मी पुस्तकाआडून बजावले. पुढच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तथापि आता मोजण्यांत आवश्यक तेवढा फरक पडतो आहे, याचे समाधान आहे.

१९ मे

निष्कर्ष हाती आले. खाद्याचा परिणाम टिकला. मेदयुक्त गटात हाड खरोखर कमी धरते. गोळीचा परिणाम मात्र माझ्या मोजणीच्या जेमतेम निम्मा उरला. साधे खाद्य खाणाऱ्यांत तर गोळीने हाडाला काही लाभ झाला, असे म्हणताच येत नाही.

साधे खाद्य अधिक गोळी. तोच आत्याचा गट.

मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. "उंदरांच्या हाडात तू आत्याचा दात बघत होतीस," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "आता जे उरलंय ना, ते कोणी खोडू शकणार नाही. निम्मं असलं म्हणून काय झालं? लिहायला घे."

त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु घरी जाताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. मी तीन महिने आत्याला सांगत होते, की गोळी तिच्या हाडासाठी काम करते आहे. आता खरे सांगितले आणि तिने गोळीच सोडली तर? न सांगावे, तर ज्या मोजणीत तिने डोळे शिणवले तिचाच निष्कर्ष तिच्यापासून लपवायचा?

२० मे

सांगितले. आत्या मटार सोलत होती. तिने सोलणे थांबवलेही नाही.

"अगं, हाडासाठी मी ती गोळी घेतच नव्हते. डॉक्टरांनी रक्तासाठी दिलीय, त्यांनी सांगितल्याशिवाय ती बंद व्हायची नाही. तू आनंदानं सांगायचीस म्हणून मी हूं हूं म्हणत होते."

मग शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "म्हणजे स्क्रू धरेल की नाही, हे तुझ्या पुस्तकांनाही ठाऊक नाही."

"नक्की नाही," मी कबूल केले. "बहुतेकांचे धरते. पण तुझे हाड पातळ आहे."

"नाही धरलं, तर ती दोन प्रकरणं दुसरं कुणीतरी वाचेल." तिने शेंगेतले दाणे एकेक करून ताटात टाकले. "आणि मग मला तिकडे जायला काही कारणच उरणार नाही."

संस्थेची सारी ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकण्याची सोय आहे, असे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर तिने मटारचे ताट बाजूला सारले.

"पंडिता," ती म्हणाली, "तुझं कसं होणार गं?"

प्रबंध वेळेत पूर्ण होईल, असे मी सांगितले.

११ जून

संस्थेत नव्या वाचकांच्या चाचण्या सुरू झाल्या. कानसेन सांगत होते: एकीचा आवाज चांगला, पण श्वास ऐकू येतो, एकाचा श्वास ऐकू येत नाही, पण भावही ऐकू येत नाही, तिसऱ्याला समुद्र कळत नाही.

"आणि मला समुद्र कधी कळला हो? मी पाहिलाय कुठे?" आत्याने विचारले.

"तुम्ही वाचता तेव्हा दिसतो."

कदाचित पट्टी टोचत असावी, कारण आत्याने चेहरा वळवला.

२३ जून

आज तपासणी. आत्याने खुर्चीत बसताना माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. बाहेरच्या मार्गिकेत कानसेन उभे होते. त्या बाजूला त्यांचे काही काम निघाले होते म्हणे. काम कोणते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

डॉक्टरांनी हिरडी थोडी उघडली, स्क्रूला एक छोटी काडी जोडली आणि तो उलट्या दिशेने अगदी हलकेच फिरवून पाहिला. हे मी शेकडो वेळा वाचले आहे. सुटलेला स्क्रू इथे सहज फिरतो आणि मग सारे संपते. डॉक्टरांनी पुन्हा जरा जोर लावला. आत्याच्या नखांनी माझ्या तळव्यावर खुणा उमटवल्या.

"हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "धरलंय हाडानं. छान धरलंय."

मी डोळे पुसत बाहेर आले. कानसेन भिंतीला टेकून उभे होते. मला पाहताच सरळ झाले, आणि काय झाले हे विचारण्याचेही त्यांना सुचेना.

"धरले," मी म्हणाले.

ते मटकन बाकावर बसले. चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. एका अपूर्ण कादंबरीविषयी इतकी आस्था असलेला माणूस मी प्रथमच पाहिला.

हे आहारामुळे झाले, की नशिबाने, की आत्याच्या मुळातल्या चिवटपणाने, हे सांगता येणार नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढला तर मॅडम मला वर्गाबाहेर उभे करतील. आणि या चार महिन्यांत आत्याच्या बाबतीत आणखी काय काय बदलले, याची मी नोंदही ठेवलेली नाही. निरीक्षक म्हणून मी फार अपुरी पडले. परंतु आज त्याचे काही वाटत नाही.

१२ जुलै

कायमचा दात चार दिवसांपूर्वी बसला. आज शेवटच्या प्रकरणाचे ध्वनिमुद्रण. आत्या म्हणाली, "चल की, बाहेर बसून पुस्तकात माझ्या मागे मागे ये. कुठे चुकले तर सांग." म्हणून मी प्रथमच तिथे गेले.

खोली कपाटाएवढी, भिंतींवर जाड पडदे. काचेपलीकडे आत्या, अलीकडे कानसेन आणि त्यांच्या मागे स्टुलावर मी, कादंबरीची दुसरी प्रत घेऊन. त्यांनी मलाही हेडफोन दिला. लाल दिवा लागला आणि आत्याचा आवाज थेट माझ्या कानात आला. 'स' स्वच्छ होता. समुद्र, सकाळ, संथ, सारे स्वच्छ. मी ज्या घरात राहते त्याच घरातील हा आवाज. पण मी तो पूर्वी असा ऐकलाच नव्हता. पान उलटण्याचाही त्याला धक्का लागत नव्हता.

बोट किनाऱ्याला लागली. शेवटचे वाक्य आले. आत्याने ते हळू वाचले आणि थांबली. मी बोटाने ओळ धरली होती. एक मात्रादेखील इकडची तिकडे झाली नव्हती.

कानसेनांनी बटण दाबले. "हे वाक्य पुन्हा घेऊ या का?"

"का हो, काय झालं?"

"काही नाही. जरा... पुन्हा एकदा."

आत्याने पुन्हा वाचले. पहिल्याइतकेच निर्दोष. मी मान हलवून तसे सुचवण्याच्या बेतात होते, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "नाही, मलाच नाही पटलं. मागच्या पानापासून घेऊ."

"घेऊ की," कानसेन म्हणाले. "वेळ आहे."

मी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. कुठेच चूक नव्हती. उच्चारात नाही, श्वासात नाही, यंत्रातही नाही, कारण त्यातली सुई शांतपणे हलत होती. चूक नसताना दोघेही ती दुरुस्त करायला निघाले होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर कमालीचे समाधान होते. चूक झाली तर सांगायचे, हेच माझे काम ठरले होते. तेव्हा मला बोलण्याचे कारण नव्हते.

लाल दिवा पुन्हा लागला. मी पान मागे उलटले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले.